उसनी जखम

दलितांचे दुःख कोणी लिहावे, हा वाद आपल्याकडे आता जुना झाला. परंतु गेल्या सत्रात वर्गात 'बलुतं' शिकवीत असताना एका विद्यार्थिनीने तो माझ्यापुढे असा काही आणून टाकला की, त्याचा नव्याने विचार करणे मला भाग पडले. तिने मोबाईलवर एका सीरियन मुलीची हकिकत वाचली होती. ती म्हणाली, "सर, ती मुलगी खोटी निघाली. पण तिच्या नावाने लिहिले ते तर खरेच होते ना? मग बिघडले कुठे?"

हकिकत अशी. २०११ च्या आरंभी सीरियातील दारा शहरात शाळकरी पोरांनी भिंतीवर सत्तेविरुद्ध घोषणा लिहिल्या. त्यांना पकडून नेले आणि मार्चमध्ये उठाव पेटला. त्याच सुमारास इंटरनेटवर 'अमिना अराफ' या नावाने एक तरुणी लिहीत होती. बाप सीरियन, आई अमेरिकन, राहणे दमास्कसला. समलिंगी असल्याचे न लपविणारी आणि असदच्या राजवटीविरुद्ध उघड बोलणारी. रात्री गुप्त पोलीस आपल्याला न्यायला आले, पण बापाने त्यांना खडसावून परत पाठविले, असे तिने एप्रिलमध्ये लिहिले. तो मजकूर जगभर फिरला. मे महिन्यात लंडनच्या 'गार्डियन'ने तिला उठावाची नायिका म्हणून गौरविले. ६ जूनला तिच्या 'चुलत बहिणी'ने कळविले की, हत्यारबंद माणसांनी अमिनाला उचलून नेले. तिच्या सुटकेसाठी हजारो लोक एकवटले. अमेरिकेच्या परराष्ट्र खात्यालाही चौकशी करावी लागली.

मग छायाचित्र लंडनमधल्या भलत्याच महिलेचे निघाले. पत्रकारांनी धागेदोरे जुळविले आणि १२ जूनला कबुली आली. हे सारे लेखन टॉम मॅकमास्टर नावाच्या चाळीस वर्षांच्या अमेरिकन पुरुषाचे होते. तो स्कॉटलंडमध्ये एडिंबरो येथे शिकत होता, आणि कबुली लिहिताना इस्तंबूलला सुटीवर होता. त्याच दिवशी सीरियन लष्कर जिस्र अल-शुगूर या गावात शिरले. तेथली आणि आसपासची हजारो माणसे त्या आठवड्यात जीव मुठीत धरून तुर्कस्तानची सीमा ओलांडीत होती. एकाच देशात हा सुटीला आलेला, ती आश्रयाला आलेली!

मॅकमास्टरचा बचाव असा की, निवेदक काल्पनिक असली तरी वस्तुस्थिती खरी आहे. माझी विद्यार्थिनी नकळत त्याच बचावाच्या बाजूने उभी होती. तेव्हा या बचावाचीच तपासणी केली पाहिजे.

पुरुषाने स्त्रीच्या तोंडून लिहू नये असे मी म्हणत नाही. कादंबरीकार ते करीतच आला आहे. पण कादंबरीवर त्याचे नाव असते. नायिकेला पकडले म्हणून वाचक सरकारचे दार ठोठावीत नाही. गावात पोलिसाचे सोंग घेऊन येणारा बहुरूपीही शेवटी हात पुढे करून सोंग उतरवितो. मॅकमास्टरने वाचकाकडे कथेवरचा विश्वास मागितला नाही. साक्षीवरचा विश्वास मागितला. आणि साक्षीला साक्षीदार लागतो. 'बलुतं'मध्येही दोन नावे आहेत. दया पवार दगडू मारुती पवारला बोलते करतात. परंतु ती दोन्ही नावे एकाच देहाची आहेत, आणि त्या देहावरचे वळ त्याचे स्वतःचे आहेत.

मग खोटे नाव घेणे हाच गुन्हा काय? नाही. अमिनाविषयी दमास्कसहून 'गार्डियन'ला लिहिणाऱ्या वार्ताहरानेही टोपणनाव घेतले होते. खरे नाव छापणे तिथे धोक्याचे होते. आणि मी स्वतः कोण मोठा सत्यवादी? नोकरी लागली त्या वर्षी तालुक्याच्या गावी खोली शोधताना तीन घरमालकांनी आडनाव विचारून दार लावून घेतले. चौथ्याला मी वेगळेच आडनाव सांगितले. बाबासाहेबांचा फोटो ट्रंकेत तळाशी ठेवला. सात महिने असे राहिलो. एकदा दादा गावाहून आले. सकाळी उठून त्यांनी मोठ्याने विचारले, "अरे, बाबांचा फोटो कुठं आहे?" पलीकडे मालकीणबाई नळावर होत्या. संध्याकाळी खोली सोडावी लागली. दादांनी ट्रंक डोक्यावर घेतली. ते वाटेत काहीच बोलले नाहीत.

म्हणून माझी कसोटी साधी आहे : मुखवटा गळून पडल्यावर किंमत कोण मोजतो? माझा मुखवटा गळाला, तेव्हा ट्रंक माझ्या बापाच्या डोक्यावर आली. मॅकमास्टरचा गळाला, तेव्हा त्याने माफी मागितली. किंमत सीरियातल्यांनी मोजली. आपला जीव यामुळे अधिक धोक्यात आला, असे तिथल्या समलिंगी कार्यकर्त्यांनीच सांगितले. उठाव म्हणजे परकीयांचा कट, असे असद मार्चपासून म्हणतच होता. मे महिन्यात हमझा अल-खतीब या तेरा वर्षांच्या मुलाचे विद्रूप शव घरच्यांच्या हाती आले, तेव्हा छळ झालाच नाही, असे सरकारी दूरचित्रवाणीने सांगितले. अशा सत्तेच्या हाती त्याने आयता पुरावा दिला : पाहा, यांची नायिकासुद्धा बनावट!

दोष वाचकाच्या अभिरुचीचाही आहे. तल अल-मल्लोही ही होम्सची विद्यार्थिनी. इंटरनेटवर कविता आणि लेख लिहायची. डिसेंबर २००९ मध्ये, अठरा वर्षांची असताना तिला पकडले. फेब्रुवारी २०११ मध्ये पाच वर्षांची शिक्षा झाली. नाव खरे, कोठडी खरी. तिच्यासाठी किती जण व्याकुळ झाले? अमिना मात्र सफाईदार इंग्रजीत, त्यांच्याच आवडीनिवडी घेऊन बोलत होती. पांढरपेशा वाचकाला दुःखही आपल्यासारखेच दिसणारे हवे असते. आपल्या लेखकांना 'भाषा जरा सौम्य करा' असे सुचविणारे संपादक याच जातकुळीचे.

८ डिसेंबर २०२४ रोजी असद पळाला आणि तुरुंग उघडले. सैदनायाच्या कोठड्यांतून माणसे कागद चाळीत फिरली. आपल्या माणसाचे नाव कुठे लिहिलेले सापडते का, एवढेच ती पाहत होती.

पुढच्या तासाला मी त्या विद्यार्थिनीला म्हणालो, "दुसऱ्याच्या दुःखावर जरूर लिही. तिथे काय घडते ते सांग, तुला कुठून कळले तेही सांग. आणि खाली सही मात्र तुझी स्वतःची कर."