डाग कशाला म्हणायचं?

थेरगावच्या केजुबाई बंधाऱ्यावरून हिवाळ्यातल्या सकाळी पवनेचा फोटो काढला, तर पलीकडचा चिंचवडचा काठ अर्धवटच दिसतो. पाण्यावर धुकं असतं आणि त्यात धूर नि धुरळाही मिसळलेला असतो. गेली बारा वर्षं मी इथून फोटो काढतो आहे. मागच्या वर्षी नदीसाठी धडपडणाऱ्या काही मुलांनी माझ्याकडे जुने फोटो मागितले. नदी आणि तिच्यावरची हवा कशी बदलत गेली, ते त्यांना फोटो शेजारी शेजारी मांडून दाखवायचं होतं. मी फोल्डर उघडलं आणि ओशाळलो. बहुतेक फोटोंत हवा लख्ख होती. ती मीच लख्ख केली होती.

फोटो दुरुस्त करणं हे काही संगणकाबरोबर आलेलं पाप नव्हे. काचेच्या आणि फिल्मच्या निगेटिव्हवर शिसपेन्सिल चालवणारा रिटचर प्रत्येक बऱ्या स्टुडिओत असे. चेहऱ्यावरची सुरकुती निगेटिव्हमध्ये फिकट उमटते. तिथं पेन्सिलीनं दाटपणा दिला की छापील फोटोत ती नाहीशी होते. देवीचे व्रण असेच बुजवले जात. पण तिथं चेहरा गिऱ्हाइकाचा होता आणि इच्छाही त्याचीच होती. शिवाय व्रण घरच्यांना ठाऊकच असत, त्यामुळे कुणाची फसगत होत नसे.

याहून बोलकं उदाहरण दादासाहेब फाळक्यांचं आहे. छायाचित्रण, ठसे आणि छपाई या धंद्यांत हात मुरलेल्या या माणसानं १९१२ साली, ‘राजा हरिश्चंद्र’च्या आधी, कुंडीत वाटाणा पेरला. रोज थोडं थोडं चित्रण करून त्यांनी ‘अंकुराची वाढ’ हा लघुपट तयार केला. कित्येक दिवसांची वाढ प्रेक्षकाला काही क्षणांत दिसली. काळाची एवढी काटछाट करूनही ते चित्र खोटं ठरत नाही, कारण डोळ्याला एरवी न दिसणारं काहीतरी त्या काटछाटीमुळेच दिसलं. तेव्हा संपादन करावं की नाही, हा माझ्या मते फसवा प्रश्न आहे. संपादनानं काय दाखवलं, काय झाकलं आणि तो निर्णय कुणी घेतला, हे विचारायला हवं.

आता माझ्या हातातल्या अवजाराकडे येतो. अडोबीनं २०१५ साली लाइटरूममध्ये ‘डीहेझ’ नावाची सोय आणली. एक पट्टी उजवीकडे सरकवली की धूसरपणा जातो. अशा तंत्रामागचं एक प्रसिद्ध गणित २००९ साली तिघा संशोधकांनी मांडलं होतं. आकाश वगळता, स्वच्छ हवेतल्या दृश्याच्या जवळपास प्रत्येक लहान तुकड्यात लाल, हिरवा, निळा यांपैकी एखादा रंग तरी कुठं ना कुठं फार गडद असतो. धूसर हवेत या गडदपणावर पांढरेपणा चढतो. तो किती चढला यावरून त्या जागी धूसरपणा किती दाट आहे याचा अंदाज बांधायचा आणि तेवढा वजा करायचा.

हे वाचलं तेव्हा मी चकित झालो. अशा पद्धतीत पुसण्याआधी अंदाज घ्यावाच लागतो! फोटोतल्या कुठल्या भागात किती धूसरपणा आहे, याचा कच्चा नकाशाच तयार होतो. पण आपल्याला हवं असतं ते स्वच्छ चित्र, म्हणून नकाशा टाकून दिला जातो. थेरगावच्या हवेबद्दल बोलू शकणारा भाग नेमका तोच. अर्थात फोटो म्हणजे हवा मोजण्याचं यंत्र नव्हे. पहाटेचं निसर्गदत्त धुकं आणि धूर यांतला फरक या गणिताला कळत नाही, त्याच्या लेखी दोन्ही दोषच. आणि माझा आक्षेप इथंच आहे. अवजार तटस्थ नसतं. डाग कशाला म्हणायचं हे त्यात आधीच ठरलेलं असतं. गूगलनं २०२१ मध्ये फोनवर आणलेलं ‘मॅजिक इरेझर’ चौकटीत आलेली परकी माणसं आणि विजेच्या तारा शोधून पुसायला सुचवतं. डांगे चौकातल्या फोटोतून तारा आणि पाळीला निघालेली माणसं काढली, तर डांगे चौक किती उरेल?

पुढची हानी फोटो पाठवताना होते. कॅमेरा फोटोसोबत तारीख, वेळ, लेन्स यांची नोंद ठेवतो. व्हॉट्सॲपवर नेहमीच्या पद्धतीनं पाठवलेला फोटो आकुंचन पावतो आणि ही नोंद गळून पडते. डॉक्युमेंट म्हणून पाठवला तर ती टिकते, पण तेवढी तसदी कोण घेतो? मग नदीवरच्या फेसाचा ताजा फोटो आला की ग्रुपवर कुणीतरी म्हणतं, “जुनाच आहे हो.” त्याला खोटं पाडायला फोटोजवळ काही उरलेलं नसतं. फेस खरा असूनही फोटो अफवेच्या पंगतीला बसतो.

लाइटरूम मूळ फाइलला हात लावत नाही, बदलांच्या सूचना वेगळ्या ठेवतं. म्हणजे माझ्या बारा वर्षांची धूसर हवा शाबूत राहायला हवी होती. पण डिस्क भरली की मी मूळ फाइली उडवत आलो आणि ‘चांगले’ फोटो तेवढे ठेवत गेलो. हा दोष कुठल्याही कंपनीचा नाही. मुलांना देण्याजोगे निघाले ते अवघे नऊ फोटो. तेही का वाचले, तर ते मला फसलेले वाटले होते, म्हणून मी त्यांच्यावर काम केलं नव्हतं.

आता बंधाऱ्यावरच्या प्रत्येक फोटोची एक न पुसलेली प्रत मी ठेवतो. पाठवताना खाली तारीख, वेळ आणि केलेला बदल लिहितो. काही जण म्हणतात, “फोटो जरा मळकट आलाय.” मी त्यांना सांगतो, त्या सकाळी हवाच तशी होती.