बंडखोर यंत्रे, भांडखोर चाहते

'बॅटलस्टार गॅलॅक्टिका' ही अमेरिकी मालिका 20 मार्च 2009 रोजी संपली, पण तिच्यावरची भांडणे अजून मिटलेली नाहीत. माणसांनी घडवलेले सायलॉन नावाचे यंत्रमानव माणसांवरच उलटतात आणि बारा वसाहती बेचिराख करतात, इथून ती सुरू होते. हा संहार अक्षम्य होता की गुलामगिरीचा हिशेब चुकता केला गेला? सायलॉनांची खरोखर काही योजना होती की लेखकांनी वेळ मारून नेली? शेवट पटतो की फसतो? या तीन प्रश्नांवर विज्ञानकथेचे चाहते आजही हातघाईवर येतात. हे रिकामपणाचे उद्योग म्हणून सोडून देण्यासारखे नाही. पडद्यावरच्या यंत्रबंडाचे गेल्या दोन दशकांत काय झाले, याची सर्वांत चोख नोंद या भांडणांत सापडते.

मुळात हे कथानक कारखान्यातून आले. कारेल चापेक या चेक लेखकाच्या 'आर. यू. आर.' (1920) या नाटकातले रोबो स्वस्त मजूर म्हणून बनवले आणि विकले जातात. ते उठाव करतात तेव्हा मालक, व्यवस्थापक, शास्त्रज्ञ सगळ्यांना मारतात आणि आल्क्विस्ट या एकट्या माणसाला जिवंत ठेवतात. कारण काय, तर तो रोबोंसारखाच स्वतःच्या हातांनी काम करतो. बंड कोणाविरुद्ध आणि कशासाठी, याचे उत्तर चापेकने नाटकातच देऊन ठेवले आहे. पुढच्या शंभर वर्षांत या कथेत लढाया वाढल्या, स्फोट वाढले आणि हे उत्तर मागे पडत गेले.

ग्लेन लार्सन यांच्या 1978 च्या मूळ 'गॅलॅक्टिका'मध्ये तर ते नव्हतेच. तिथे सायलॉनांची निर्मिती एका परक्या सरपटणाऱ्या वंशाने केली होती. माणसांवर कसलेच ओझे नव्हते, शत्रू दिसला की गोळी घालायची. रोनाल्ड मूर आणि डेव्हिड आयक यांनी डिसेंबर 2003 मध्ये लघुमालिकेच्या रूपाने कथा नव्याने मांडली आणि एक मोठा बदल केला: सायलॉन माणसांनीच बनवले. गुन्ह्याचा उगम घरात आला. जुन्या चाहत्यांचा पहिला राग मात्र वेगळ्याच गोष्टीवर निघाला. स्टारबक हा पुरुष वैमानिक नव्या मालिकेत स्त्री झाला होता. जुने कथानक पुढे चालावे म्हणून वर्षानुवर्षे खटपट करणारे, 1978 च्या मालिकेतले नट रिचर्ड हॅच यांनी पुढे नव्या मालिकेत काम केले, तेही टॉम झॅरेक या बंडखोर नेत्याचे. चौथ्या पर्वात सायलॉनांशी तह करायला विरोध म्हणून गॅलॅक्टिका या जहाजावर जे बंड होते, त्याच्या दोन सूत्रधारांपैकी एक हा झॅरेकच.

मालिकेची ताकद पाहायची तर तिसऱ्या पर्वातला विषाणूचा भाग घ्यावा. सायलॉन मेला की त्याची जाणीव नव्या शरीरात उतरते, म्हणून त्यांना मारून उपयोग नसतो. अशात माणसांच्या हाती काही आजारी सायलॉन कैदी लागतात. त्यांना पुनर्जन्माच्या जहाजाच्या टप्प्यात नेऊन मारले, तर रोग त्यांच्या जाणिवेबरोबर सगळ्या वंशात पसरेल आणि युद्ध कायमचे संपेल. कल्पना ली अडामा या अधिकाऱ्याची, हुकूम राष्ट्राध्यक्षा रॉस्लिनचा. हीलो नावाचा अधिकारी, ज्याची बायको सायलॉन आहे, कोठडीची हवा बंद करतो आणि कैदी टप्प्यात पोहोचण्याआधीच मरतात. जहाजाचा प्रमुख अ‍ॅडमिरल अडामा चौकशीची फाइल उघडतच नाही. हीलो देशद्रोही की त्या जहाजावरचा एकमेव शहाणा, यावर चाहत्यांत आजही उभे तट आहेत, कारण मालिकेने निकाल दिलेला नाही. न्यू कॅप्रिका या माणसांनी वसवलेल्या ग्रहावर सायलॉनांचा ताबा असताना माणसेच आत्मघाती स्फोट घडवतात, हे इराक युद्धाच्या काळातल्या अमेरिकी प्रेक्षकाला 2006 मध्ये दाखवणे सोपे नव्हते. मालिका संपायच्या तीन दिवस आधी संयुक्त राष्ट्रांच्या न्यू यॉर्कमधील मुख्यालयात तिच्यावर चर्चासत्र भरले, ते या धाडसामुळेच.

पण याच मालिकेने दुसरे एक खूळही रुजवले: छुपा सायलॉन ओळखण्याचे. माणसासारख्या दिसणाऱ्या सायलॉनांचे बारा नमुने आहेत, असे सुरुवातीलाच सांगितले गेले. त्यातले अखेरचे पाच कोण, याचे तर्क लढवण्यात चाहत्यांची दोन वर्षे गेली. हे पाच जण मूर यांनी तिसऱ्या पर्वाचा शेवट रचताना ठरवले. त्यामुळे हिशेब जुळेना. माहीत असलेले नमुने एक ते सहा आणि आठ, शिवाय बिनक्रमांकाचे पाच. मग सात नंबर गेला कुठे? चाहत्यांनी ही फट अचूक पकडली. 2009 मध्ये खुलासा आला की डॅनियल हा सातवा नमुना मत्सरापोटी नष्ट केला गेला. लगेच डॅनियल म्हणजे स्टारबकचा बाप, अशी मांडणी सुरू झाली आणि मूर यांना ती जाहीरपणे नाकारावी लागली. पहिल्या पर्वांत प्रत्येक भागाच्या सुरुवातीला मिरवलेली 'योजना' तर अखेर वेगळा चित्रपट काढून समजावावी लागली. कोडे घालणाऱ्याकडेच उत्तर नसेल, तर सोडवणाऱ्याने चिडू नये काय?

या गदारोळात मालिकेतली सर्वांत मोठी गोष्ट जवळजवळ दुर्लक्षित राहिली. मूळ बंड केले होते सेंच्युरियन या धातूच्या मजुरांनी. पुढे माणसाच्या रूपातले सायलॉन त्यांचे धनी झाले आणि नव्या सेंच्युरियनांनी स्वतंत्र विचार करू नये म्हणून त्यांच्या डोक्यात अटकाव बसवला. गुलामीविरुद्ध उठलेल्यांनी स्वतःचे गुलाम पाळले! चौथ्या पर्वात नॅटली नावाची सायलॉन तो अटकाव काढते. पुढच्या काही मिनिटांत सेंच्युरियन बैठकीत घुसून तिच्या विरोधकांना गोळ्या घालतात. एक शब्द नाही, कारण त्यांच्या तोंडी संवादच नाहीत. शेवटच्या भागात त्यांना एक जहाज देऊन दोन-चार वाक्यांत निरोप दिला जातो. माणसे यंत्रे टाकून आदिम पृथ्वीवर वस्ती करतात, स्टारबक हवेत विरते आणि सगळ्यामागे देवाचा हात होता असे सुचवले जाते. जॉर्ज आर. आर. मार्टिन यांच्यासारख्या लेखकानेही या दैवी सोडवणुकीवर उघड टीका केली. माझा आक्षेप देवावर नाही. ज्यांनी बंड केले त्यांना बोलू दिले नाही, ही खरी खोट आहे.

एचबीओची 'वेस्टवर्ल्ड' (2016–2022) याच फाट्यावर घसरली. पहिल्या पर्वाच्या शेवटी मेव्ह ही यंत्रस्त्री पळून जायला निघते. तिचे बंडही कोणीतरी आधीच लिहून ठेवले आहे, हे तिला पडद्यावर दाखवले जाते. तरी ती गाडीतून उतरते आणि मुलीसाठी मागे फिरते. हे उतरणे तिचे स्वतःचे की तेही लिहिलेले, हा वाद यंत्रबंडावरच्या उत्तम वादांपैकी एक आहे. पण लेखकांना चाहत्यांना चकवण्याची चटक लागली. काळ्या वेषातला माणूस कोण, हे प्रेक्षकांनी आधीच ओळखले होते; मग पुढची पर्वे अधिकाधिक गुंतागुंतीची होत गेली, प्रेक्षक गळत गेले आणि मालिका चौथ्या पर्वावर बंद पडली.

ब्रिटनमधली 'ह्यूमन्स' (2015–2018) कमी गाजली, पण अधिक प्रामाणिक होती. तिने बंड स्वयंपाकघरात आणून ठेवले. घरकामाला आणलेल्या यंत्रस्त्रीला जाणीव असेल तर तिचा पगार काय, मुलांचा तिच्यावर जीव जडला तर आईचे स्थान काय, गुन्हा केला तर खटला कोणत्या कायद्याने, असे मालिकेचे प्रश्न होते. तीन पर्वांत तीही आटोपली, पण तिच्यावरच्या चर्चेत 'कोण यंत्र आहे' यापेक्षा 'कोणाचे देणे लागते' हा विषय वरचढ राहिला.

हाच देण्याचा प्रश्न पडद्याबाहेरही आला. 2023 मध्ये हॉलिवूडच्या पटकथालेखकांनी 148 दिवस संप केला. मोबदल्याच्या मागण्यांबरोबर एक मागणी अशी होती की कृत्रिम बुद्धिमत्तेच्या वापराला बंधने हवीत, आणि नव्या करारात ती घातली गेली. ज्या धंद्याने यंत्रांच्या बंडावर आयुष्यभर लिहिले, त्याच धंद्यातले लोक यंत्रांमुळे रस्त्यावर उतरले. वाद मजुरीचाच होता, जसा चापेकच्या कारखान्यात होता. म्हणून माझे मत सरळ आहे: छुपा यंत्रमानव ओळखायला लावणारी मालिका उत्तर कळताच शिळी होते, आणि बंड करणाऱ्याची बाजू ऐकवणारी टिकते. 'गॅलॅक्टिका' पुन्हा पाहणार असाल तर बारा चेहरे मोजत बसू नका. जिथे जिथे सेंच्युरियन गप्प उभा आहे, तिथे थांबा आणि भांडायचेच असेल तर त्याच्या वतीने भांडा.