हेन्री मार्टिनची रोजनिशी आणि विश्रांतीचा प्रश्न

कर्तव्यासाठीं देह झिजविणाऱ्या माणसाविषयीं आपल्या भाषेला फार आदर आहे. चंदन झिजतें म्हणून सुगंध सुटतो, वात जळते म्हणून घरांत उजेड पडतो, हे दाखले आपण मुलांना लहानपणापासून देतों. परंतु खोड संपल्यावर सहाणेवर काय उगाळावयाचें, आणि समईंत तेल न घालतां वात किती वेळ जळणार, हे प्रश्न सहसा कोणी विचारीत नाहीं. ख्रिस्ती धर्मसेवकांच्या चरित्रवाङ्मयांत हाच आदर्श फार ठळकपणें मांडलेला आढळतो; आणि त्या वाङ्मयांतील ज्या एका ग्रंथानें इंग्रजी वाचणाऱ्या कित्येक पिढ्यांच्या मनाला वळण लावलें, त्याचा विचार येथें करण्याचें आम्हीं योजिलें आहे. तो ग्रंथ म्हणजे हेन्री मार्टिन याची रोजनिशी.

मार्टिन हा कॉर्नवॉल परगण्यांतील ट्रूरो गांवीं १७८१ सालीं जन्मला. १८०१ मध्यें केंब्रिज विद्यापीठाच्या गणिताच्या परीक्षेंत तो पहिला आला. चार्ल्स सिमियन या नामांकित धर्मोपदेशकाच्या हाताखालीं कांहीं काळ काम करून, १८०६ सालीं ईस्ट इंडिया कंपनीचा चॅप्लेन म्हणून तो कलकत्त्यास उतरला. दानापूर व कानपूर येथें गोऱ्या पलटणींची उपासना चालवीत असतांनाच त्यानें नव्या कराराचें हिंदुस्थानी भाषांतर केलें. पुढें फारसी भाषांतरासाठीं तो इराणांत गेला व तेंही त्यानें तडीस नेलें. तेथून स्वदेशीं परत जातांना १६ ऑक्टोबर १८१२ रोजीं तुर्कस्थानांतील तोकात गांवीं त्याचा अंत झाला. त्या वेळीं त्याचें वय अवघें ३१ वर्षांचें होतें. त्याच्या मागें १८१९ मध्यें जॉन सार्जंट यानें रोजनिशींतील उतारे गुंफून त्याचें चरित्र लिहिलें, आणि १८३७ मध्यें सॅम्युएल विल्बरफोर्स यानें रोजनिशी व पत्रें दोन खंडांत प्रसिद्ध केलीं.

हिंदुस्थानांत पाऊल ठेवल्यावर थोड्याच दिवसांत, आतां आपण देवासाठीं जळून जावें, अशा अर्थाची इच्छा त्यानें रोजनिशींत नमूद केली आहे. पुढच्या काळांत हें एकच वाक्य व्यासपीठांवरून सर्वांत अधिक उद्धृत झालें, आणि साऱ्या ग्रंथाचें जणूं बोधवाक्य होऊन बसलें. रोजनिशीचा बराच भाग त्या वाक्याला शोभेल असाच आहे. वेळ वायां गेला, प्रार्थनेंत मन लागलें नाहीं, विद्येच्या व काव्याच्या आनंदांत आपण नको तितके रमलों, अशा तक्रारींनीं पानेंच्या पानें भरलीं आहेत. तक्रारदार तो आणि आरोपीही तोच. या खटल्यांत निर्दोष सुटका म्हणून कधीं होतच नाहीं. असें लिहिण्याचा धडा त्याला दुसऱ्या एका ग्रंथापासून मिळाला होता. अमेरिकेंतील तद्देशीय लोकांत काम करणारा डेव्हिड ब्रेनर्ड १७४७ सालीं वयाच्या २९ व्या वर्षीं क्षयानें वारला, आणि जोनाथन एडवर्ड्स यानें १७४९ मध्यें त्याचें चरित्र त्याच्या रोजनिशीसह छापलें. मार्टिननें तें भक्तिभावानें वाचलें होतें. एका रोजनिशीनें दुसरीस जन्म दिला, आणि दोघांच्या अकाळमृत्यूमुळें दोन्ही ग्रंथांस हुतात्म्यांच्या कथांचें तेज चढलें. तरुण वाचकाच्या मनांत त्यामुळें एक समीकरण बसतें, कीं थकवा ही निष्ठेची खूण, आणि विश्रांति म्हणजे थोडीशी चोरीच.

या समीकरणाची पहिली मार्मिक चिकित्सा एखाद्या धर्मशास्त्र्यानें नव्हे, तर एका कादंबरीकर्त्रीनें केली. शार्लट ब्राँटे हिच्या १८४७ मधील ‘जेन एअर’ या कादंबरींतील सेंट जॉन रिव्हर्स हें पात्र मार्टिनवरून सुचलें असावें, असें अनेक टीकाकारांचें मत आहे. त्याला आधारही आहे. शार्लटचा बाप केंब्रिजला गरिबींत शिकत असतां त्याला मदत मिळवून देण्यांत मार्टिनचा हात होता. रिव्हर्स विद्वान, शुद्धाचरणी व निश्चयी आहे. स्वतःच्या प्रेमाचा त्यानें निष्ठुरपणें गळा दाबला आहे, आणि हिंदुस्थानांतील कामाला उपयोगी पडेल म्हणून तो जेनला लग्नाची मागणी घालतो. बहीण म्हणून बरोबर येण्याची तिची तयारी असते; प्रेमावांचून पत्नी होण्याची नसते. ती नकार देते, आणि त्या नकारांत या आदर्शावरील अचूक टीका आहे. जो स्वतःला विश्रांति घेऊं देत नाहीं, तो लवकरच दुसऱ्यालाही ती घेऊं देईनासा होतो. आपल्या देहावर चालविलेला जुलूम त्याला त्याग वाटतो, म्हणून शेजाऱ्यावर चालविलेला जुलूमही त्याला धर्मच वाटूं लागतो. तथापि ब्राँटेनें कादंबरीचा शेवट या रिव्हर्सच्याच स्मरणानें केला आहे. त्याचें मोठेपण तिला नाकारतां येत नव्हतें, आणि म्हणूनच तिच्या टीकेला वजन आहे.

मराठी वाचकाला या ठिकाणीं लक्ष्मीबाई टिळकांचीं ‘स्मृतिचित्रें’ आठवल्यावांचून राहणार नाहींत. रेव्हरंड टिळकांचें कवित्व, त्यांचें औदार्य आणि त्यांची धर्मनिष्ठा यांविषयीं लक्ष्मीबाईंच्या मनांत उणा भाव मुळींच नाहीं. परंतु अशा धगधगत्या माणसाच्या घरांत संसार करणें म्हणजे काय, हें त्यांनीं हंसत हंसत जितकें सांगितलें आहे, तितकें एखाद्या गंभीर चरित्रकाराला साधलें नसतें. धर्मवीरांच्या रोजनिशा आपण वाचतों. त्यांच्या घरच्यांनींही रोजनिशा लिहिल्या असत्या, तर या वाङ्मयाचा रंग पुष्कळ निराळा दिसला असता.

पण मार्टिन खरोखर रिव्हर्ससारखा होता काय? आमच्या मतें नव्हता. आणि त्याचा साक्षीदार महाराष्ट्राच्या चांगल्या परिचयाचा आहे. १८११ च्या आरंभीं मार्टिन कलकत्त्याहून मुंबईस जहाजानें आला. त्याच जहाजावर पुण्याच्या रेसिडेंटाच्या जागेवर नेमलेला, आणि पुढें मुंबईचा गव्हर्नर झालेला मौंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन होता. हा मनुष्य भोळ्या भक्तीबद्दल प्रसिद्ध नव्हता. त्यानें एका पत्रांत मार्टिनचें जें वर्णन केलें आहे, त्याचा आशय असा, कीं हा उत्तम विद्वान असून स्वभावानें अत्यंत सौम्य व आनंदी आहे; जहाजाच्या नाखव्याशीं धर्मावर वाद घालतो, परंतु कोणत्याही विषयावर गप्पा मारतो, आणि एखादा नास्तिक हंसेल इतक्या मोकळेपणानें स्वतः हंसतो व इतरांस हंसवितो. रोजनिशींतला खिन्न मार्टिन आणि जहाजावरचा हंसरा मार्टिन, यांपैकीं खरा कोणता? दोघेही खरे. परंतु आत्मपरीक्षणासाठीं ठेवलेल्या रोजनिशींत मनुष्य आपलीं पापें मांडतो, आपलें हास्य मांडीत नाहीं. जमेची बाजू कोरी ठेवून केवळ खर्च लिहिलेल्या वहीवरून कोणी एखाद्या घराची सांपत्तिक स्थिति ठरवूं लागला, तर त्याचा जसा गोंधळ उडेल, तसाच या ग्रंथाच्या पुष्कळ वाचकांचा उडाला आहे.

दुसरी गोष्ट त्याच्या कामाची. जून १८११ मध्यें तो शिराझला पोहोंचला, आणि फेब्रुवारी १८१२ मध्यें फारसी नवा करार पुरा झाला. मीर्झा सय्यद अली या विद्वानाचें साहाय्य त्याला होतें. उन्हाळ्यांत शहराबाहेरच्या एका बागेंत त्याच्यासाठीं तंबू ठोकला होता. जवळून स्वच्छ पाण्याचा ओढा वाहत होता, आणि द्राक्षांचे घड हाताशीं लोंबत होते. ती जागा आपणांस सुखकर वाटल्याचें त्यानें स्वतःच लिहिलें आहे. त्याच्या आयुष्यांतील अत्यंत चिरस्थायी काम या बागेंत बरेंचसें पुढें सरकलें, ही गोष्ट बोधवाक्यें शोधणाऱ्यांच्या नजरेंतून निसटते.

यावर कोणी म्हणेल, कीं तो जळला नसता तर एवढें कार्य झालेंच नसतें. या आक्षेपांत तथ्य आहे. त्याच्या कुटुंबांत क्षय होता, आणि त्या काळच्या वैद्यकाजवळ त्यावर इलाज नव्हता; आपले दिवस थोडे आहेत हें ओळखून त्यानें घाई केली असेल, तर तिला दोष देणें सोपें नाहीं. पण त्याच काळचें दुसरें उदाहरण डोळ्यांपुढें असावें. ज्याचें मराठी व्याकरण १८०५ सालीं निघालें, तो विल्यम केरी १७९३ पासून १८३४ पर्यंत, म्हणजे ४१ वर्षें, एकदांही मायदेशीं न जातां बंगालांत काम करीत राहिला. श्रीरामपूरची त्याची बाग प्रसिद्ध होती, आणि रोज तींत घालविलेला वेळ त्याला वायां गेलेला वाटत नसे. १८१२ सालीं छापखान्याला आग लागून हस्तलिखितें भस्म झालीं, तरी त्यानें काम पुन्हा उभारलें. अर्थात् केरीचें आयुष्य निर्दोष आदर्श म्हणून आम्ही पुढें करीत नाहीं. त्याच्या पहिल्या पत्नीला या देशांत वेड लागलें, आणि १८०७ मध्यें ती त्याच स्थितींत वारली. त्याच्या चिकाटीची किंमतही दुसऱ्या कोणी तरी भरली. केरीवरून इतकेंच दिसतें, कीं बागेंतला माणूस आळशी असतो ही समजूत खोटी आहे.

धर्मग्रंथाची साक्षही त्याच बाजूची आहे. शब्बाथाची आज्ञा एकट्या धन्यासाठीं दिलेली नाहीं. चाकर, परका आणि मुकीं जनावरें यांचीही तींत गणना आहे. एलीया संदेष्टा निराश होऊन रानांत मरण मागूं लागला, तेव्हां देवानें त्याला प्रथम उपदेश केला नाहीं. झोंप दिली, भाकर दिली, आणि पुन्हा झोंपूं दिलें. शिष्यांना जेवायलाही सवड मिळेना, तेव्हां ख्रिस्तानें त्यांना एकांतीं नेऊन थोडा विसांवा घेण्यास सांगितलें. तेथेंही लोकांची गर्दी येऊन पोहोंचली आणि तो पुन्हा शिकवूं लागला, हेंही मार्कानें लपविलेलें नाहीं. विश्रांति मोडावी लागते, असा प्रसंग येतो. पण ती मागूंच नये, असें त्यांत कोठेंही नाहीं.

आतां रोजनिशीचें शेवटचें पान. सप्टेंबर १८१२ च्या आरंभीं मार्टिन तब्रीझहून निघाला. अंगांत ताप, आणि बरोबरचा तातार वाटाड्या त्याला दिवसरात्र घोड्यावर पिटाळीत होता. ६ ऑक्टोबरला घोडे मिळाले नाहींत, म्हणून अवचित विसांवा घडला. तो एका फळबागेंत बसला, आणि ज्या देवासाठीं जळून जावयाचें म्हणून तो निघाला होता, तोच देव तेथें त्याला सोबती व सांत्वन करणारा मित्र म्हणून भेटला. या नोंदींत आरोप नाहीं, घाई नाहीं, वेळ गमावल्याची खंत नाहीं. साऱ्या रोजनिशींत इतकी निवांत गद्यरचना क्वचितच सांपडेल. पुढें नोंद नाहीं. दहा दिवसांनीं तो गेला.

आमच्या मतें या ग्रंथाचें वाङ्मयीन मोल ठरतें तें येथें. पहिल्या वाक्यावर थांबणाऱ्याच्या हातीं तो उत्साही माणसांस मोडून टाकणारें पुस्तक होतो. अखेरपर्यंत वाचणाऱ्यास तो एका थोर मनाची मोठी उशिरा झालेली सुटका दाखवितो. शाळेंत, दवाखान्यांत, देवळांत किंवा समाजकार्यांत राबणाऱ्या तरुणांच्या हातीं जे वडीलधारे हा ग्रंथ देतील, त्यांनीं हें शेवटचें पान आधीं उघडून द्यावें. आणि त्या तरुणाला अशी फळबाग मिळावी म्हणून घोडे संपेपर्यंत वाट पाहूं नये.