माझ्या हातची मानपत्रं

वरळीच्या बीडीडी चाळीत ज्याचं अक्षर चांगलं, त्याची सुटका नसे. दहीहंडीचा फलक, सत्यनारायणाच्या पूजेची पत्रिका, पाणी येणार नसल्याची सूचना, मयताची पाटी, सगळं त्याच्याच गळ्यात. १९८५ च्या सुमारास हे काम माझ्याकडे आलं आणि त्याच्यामागून मानपत्रंही आली. पुढची वीसेक वर्षं आमच्या आणि आजूबाजूच्या पाच-सहा बिल्डिंगींत ज्यांचे सत्कार झाले, त्यांतल्या निम्म्याहून अधिक जणांची मानपत्रं माझ्या हातची आहेत. तेव्हा या लेखात मानपत्रांवर जी टीका आहे ती आधी माझ्यावर आहे, हे वाचणाऱ्याने ध्यानात ठेवावं.

आमचं गाव संगमेश्वर तालुक्यातलं. माझ्या लहानपणी गावात सत्कार हा शब्द कुणी वापरत नसे. गावात मान असायचा. शिमग्याला पालखी आधी कुणाच्या दारी जाणार, होम कोण पेटवणार, पहिला नारळ कुणाच्या नावाने, हे पिढ्यान्‌पिढ्या ठरलेलं. मानकऱ्याच्या घरात जन्म झाला की मान आला. मग त्याने गावासाठी काडी हलवली नाही तरी चालायचं. या मानापायी भावकीत वर्षानुवर्षं बोलणं नसायचं. एका साली तर पालखी देवळाबाहेरच पडली नाही. आणि गावाच्या टोकाला जी एक वाडी होती, तिला या मानाच्या यादीत जागाच नव्हती.

तिथून माणूस बोटीने, पुढे एसटीने मुंबईला यायचा आणि गावकीच्या खोलीत पथारी टाकायचा. ब्रिटिश सरकारच्या बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंटने १९२० नंतर या चाळी बांधल्या. एकट्या वरळीत १२१ बिल्डिंगी. तळमजला धरून चार मजले, बिल्डिंगीत ८० खोल्या, खोली १६० चौरस फुटांची. आमच्या गावकीच्या खोलीत पंधरा-वीस गिरणी कामगार पाळीप्रमाणे झोपायचे. पहिल्या पाळीचा उठला की तिसऱ्या पाळीचा त्याच जागेवर आडवा.

इथे मानकरी कोण हे विचारायला कुणाला सवड नव्हती. रात्री दोन वाजता कुणाला केईएमला न्यायचंय, तर उठून कोण येतो? मयत झालं, तर गावाला तार कोण करतो, वर्गणी कोण काढतो? रेशनकार्डाचा अर्ज कोण भरून देतो? संडासची सफाई झाली नाही म्हणून वॉर्डात जाऊन कोण भांडतो? ही कामं करणारा तो चाळीत मोठा. त्याची भावकी कोणती हे नंतर. मानाची ही नवी रीत चाळीने स्वतः घडवली होती, आणि गावापेक्षा ती कितीतरी बरी होती. आमचे भजनी बुवा एकादशीला भजनाला बसायचे आणि द्वादशीला कुणाची तरी कागदपत्रं घेऊन कोर्टात जायचे. समोरच्या बिल्डिंगीतले बौद्धाचार्य लग्नं लावायचे, अंत्यविधी करायचे आणि रात्री पोरांना गणितं शिकवायचे. धर्माचं काम कुठे संपलं आणि लोकांचं कुठे सुरू झालं, हे कुणी मोजलं नाही.

मग सत्कार आले. शाल, श्रीफळ, मानचिन्ह, मानपत्र. सुरुवातीला त्यात आपलेपणा होता हे मी नाकारणार नाही. जन्मभर दुसऱ्यासाठी धावलेल्या माणसाला एक दिवस खुर्चीवर बसवावं, ही भावना खोटी नव्हती. पण बघता बघता गावचा तो जुना मान मंडपाच्या मागच्या दाराने आत आला. पत्रिकेवर प्रमुख पाहुण्यांचं नाव केवढं तरी मोठं आणि सत्कारमूर्तींचं खाली बारीक. पाहुणे दोन तास उशिरा. तोवर सत्कारमूर्ती स्टेजच्या कडेला प्लास्टिकच्या खुर्चीवर, कडक इस्त्रीच्या सदऱ्यात घाम पुसत. पाहुणे आले की शाल घातली, फोटो झाला, पाहुणे अर्धा तास स्वतःच्या कामावर बोलले आणि पुढच्या कार्यक्रमाला निघून गेले. त्यांच्यामागे मंडप अर्धा रिकामा. ज्याचा सत्कार, त्याला माईकवाला सांगायचा, "बुवा, मनोगत थोडक्यात."

आणि माझं मानपत्र. साचा एकच होता. 'सामाजिक, धार्मिक, शैक्षणिक व सांस्कृतिक क्षेत्रांत आपण केलेले कार्य अतुलनीय आहे.' पुढे निःस्वार्थ, तळमळ, पितृतुल्य छत्र, कणखर बाणा. शेवटी उदंड आयुष्य. नाव तेवढं बदलायचं. एकदा महिला मंडळाच्या अध्यक्ष बाईंच्या मानपत्रात 'पितृतुल्य' तसंच राहून गेलं. स्टेजवरून मोठ्याने वाचलंही गेलं. कुणी हसलं नाही, कारण कुणी ऐकत नव्हतं.

बुवांचं मानपत्र मी १९९१ साली लिहिलं. त्याची लाज मला आजही वाटते. कारण बुवांनी काय केलं होतं ते मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं होतं.

जानेवारी १९७४ ची गोष्ट. मी अकरा वर्षांचा. ५ तारखेला वरळीच्या आंबेडकर मैदानात दलित पँथरची सभा होती. सभेत दगडफेक झाली, मारामारी झाली आणि दंगल पेटली. १० जानेवारीला परळ भागात मोर्चावर वरून टाकलेल्या दगडाने भागवत जाधव हा पँथरचा तरुण कार्यकर्ता गेला. नायगावच्या चाळीतही लोण पोहोचलं. पुढे न्यायमूर्ती भस्मे यांचा चौकशी आयोग बसला. आम्हा पोरांना कळत होतं ते इतकंच, की ज्या समोरच्या गच्चीवर आम्ही पतंग उडवायला जायचो, त्या गच्चीवरून आता दगड आणि सोडावॉटरच्या बाटल्या येतात आणि आमच्या गच्चीवरूनही जातात.

त्या दिवसांत एका रात्री समोरच्या बिल्डिंगीतल्या एका बाईला कळा सुरू झाल्या. टॅक्सी आत यायला तयार नव्हती. नाक्यापर्यंत चालत जायचं तर दोन्ही गच्च्यांच्या मधून जावं लागणार. बौद्धाचार्य खाली उतरले आणि आमच्या जिन्याच्या तोंडाशी येऊन त्यांनी हाक मारली, "बुवा, जरा येता काय?" एवढंच. बुवांनी डोक्यावर टोपी घातली आणि उतरले. बाईला मध्ये घेतलं. तिच्या एका अंगाला आचार्य, दुसऱ्या अंगाला बुवा. आमच्या गच्चीला बुवा दिसत होते, समोरच्या गच्चीला आचार्य दिसत होते. दगड पडला नाही. गॅलरीच्या कठड्याला धरून मी ते पाहिलं. दुसऱ्या दिवसापासून रोज पहाटे दोघं तसेच बरोबर जाऊन दोन्ही बिल्डिंगींतल्या तान्ह्या पोरांसाठी दूध आणायला लागले.

आमच्यातल्याच काहींनी त्यापायी बुवांशी बोलणं टाकलं. पुढची दोन वर्षं भजनाला निम्मी माणसं येत नव्हती. ऐन एकादशीला पखवाज वाजवायला माणूस मिळाला नाही. आचार्यांनाही त्यांच्याकडे बोल ऐकावे लागले, असं पुढे कळलं.

१९९१ साली मानपत्राच्या पहिल्या खर्ड्यात मी हे सगळं लिहिलं होतं. मंडळाच्या बैठकीत वाचलं तेव्हा एक जण म्हणाला, "ते जुनं कशाला उकरायचं? पाहुण्यांना काय वाटेल?" सगळे गप्प. मीही गप्प. घरी येऊन साचा काढला. 'भजनाच्या माध्यमातून आपण केलेले समाजप्रबोधन अतुलनीय आहे.' सत्काराच्या रात्री बुवांनी ते चष्मा लावून दोनदा वाचलं आणि मला म्हणाले, "अक्षर चांगला हाय. पन ह्यो मानूस कोन रं?"

त्यांनी ते हसत विचारलं होतं. मीही हसलो.

आता सत्कारातून जे गळतं त्याकडे बघू. साच्यात कामाचं नाव नसतं. तारीख नसते, जागा नसते, बरोबर कोण होतं ते नसतं. आणि त्या कामापायी माणसाला काय सोसावं लागलं ते तर नसतंच. कारण सोसायला लावणारे पहिल्या रांगेत बसलेले असतात. आणखी एक. आमच्या बुवांचा सत्कार आमच्या पूजेत, आचार्यांचा सत्कार त्यांच्याकडे भीमजयंतीला. दोघांनी एका बाईला दोन बाजूंनी सांभाळून नेलं, पण दोघांना एका स्टेजवर कुणी बसवलं नाही. मीही सुचवलं नाही.

गळणाऱ्यांत बाया आधी. १८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला तेव्हा आमच्या मजल्यावरच्या खानावळवाल्या मावशींनी कित्येक महिने पोरांना उधारीवर जेवू घातलं. मंगळसूत्र मोडलं. त्यांचं नाव सत्कारासाठी कधी निघालं नाही, आणि सत्काराच्या दिवशी पाहुण्यांचं जेवण मात्र त्यांच्याकडेच असायचं. अशा खानावळवाल्या बाया कष्टकरी आहेत, त्यांना बँकेचं कर्ज मिळालं पाहिजे, हे ओळखून प्रेमाताई पुरव यांनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं. त्यांना पुढे पद्मश्री मिळाली. पण चाळीतल्या मंडळांना तोवर हे दिसलेलं नव्हतं.

मोठ्या माणसांनी याबद्दल सावध केलं नव्हतं असं नाही. गाडगेबाबा कुणाला पाया पडू देत नसत. बाबासाहेबांनी २५ नोव्हेंबर १९४९ च्या संविधान सभेतल्या भाषणात बजावलं होतं की धर्मात भक्ती चालेल, राजकारणात विभूतिपूजा माणसाला ऱ्हासाकडे आणि पुढे हुकूमशाहीकडे नेते. हे दोघेही आमच्या चाळीत फ्रेममध्ये आहेत. त्यांना आम्ही हारच घातले.

नाव देणं हाही सत्कारच. डिलाईल रोडला ना. म. जोशींचं नाव दिलं. जोशींनी १९११ मध्ये सोशल सर्व्हिस लीग काढली, आयुष्य कामगारांत घालवलं. तिथे राहणाऱ्या चार पोरांना विचारून पाहा जोशी कोण ते. २०२२ साली सरकारने पुनर्विकासात उभ्या राहणाऱ्या वसाहतींची नावं जाहीर केली. वरळीला बाळासाहेब ठाकरे, नायगावला शरद पवार, ना. म. जोशी मार्गावर राजीव गांधी. त्या तिघांच्या मोठेपणाबद्दल मला इथे काही म्हणायचं नाही. त्यांची नावं लिहायला महाराष्ट्रात जागा कमी नाहीत. माझं म्हणणं इतकंच, की शंभर वर्षं इथे ज्यांनी जिने सांभाळले त्यांतल्या एकाचं तरी नाव निदान एखाद्या विंगेच्या दारावर यावं, असा साधा ठरावसुद्धा आम्ही रहिवाशांनी कधी केला नाही. सरकारला बोल लावण्याआधी आम्ही आमच्या मंडळांची इतिवृत्तं उघडून बघावीत.

१४ ऑगस्ट २०२५ ला वरळीत पहिल्या ५५६ कुटुंबांना नव्या घरांच्या चाव्या मिळाल्या. १६० चौरस फुटांतून ५०० चौरस फुटांत. आनंदाचीच गोष्ट आहे, पिढ्या त्याची वाट बघत गेल्या. पण जुन्या बिल्डिंगीत जिना चढताना कुणी तरी सांगायचं, "इथे बुवा उभे राहिले होते." आता तो जिनाच नाही. टॉवरच्या लिफ्टमध्ये दोन माणसं भेटतात ती वेगवेगळ्या बिल्डिंगींतली. एकमेकांच्या आजोबांनी काय केलं हे त्यांना कोण सांगणार?

खोली रिकामी करताना बुवांच्या नातवाला माझं मानपत्र सापडलं. फ्रेमला वाळवी लागलेली, अक्षर शाबूत. तो घेऊन माझ्याकडे आला. "काका, आजोबांनी नक्की काय केलं होतं? यात तर काहीच नाही." मी मग आचार्यांच्या मुलीकडे गेलो. त्यांच्याकडेही एक मानपत्र होतं, दुसऱ्या कुणाच्या हातचं. दोन्ही शेजारी ठेवली. नावं अदलाबदल केली असती तर कुणाला फरक कळला नसता.

आमच्या मंडळाची जमाखर्चाची जुनी वही याहून खरी आहे. 'ताडपत्री भाडे', 'दूध, दोन्ही बिल्डिंगी', पुढे आकडा, खाली सही. पुढच्या बैठकीत कुणीही उठून विचारू शकतो, हे कुठे गेलं? मानपत्र तसं लिहावं. त्यात क्रियापद असावं, तारीख असावी, बरोबरच्यांची नावं असावीत, आणि ऐकणाऱ्याने उठून "तसं नव्हतं, असं होतं" म्हणावं एवढी जागा असावी. गावाकडे आता ग्रामपंचायतीचे, देवस्थानांचे, तंटामुक्तीचे सत्कार जोरात आहेत. तिथल्या लिहिणाऱ्या पोरांना माझं एवढंच सांगणं आहे. शाल कमी किमतीची घ्या, पण लिहिण्याआधी त्या माणसाच्या शेजाऱ्याला विचारा, तो कधी कामी आला.

बुवांचं मानपत्र मी या वर्षी पुन्हा लिहिलं. साध्या आखीव कागदावर, दोन प्रती, एक नातवाला, एक आचार्यांच्या मुलीला. दोघांचं मिळून एकच. ते असं सुरू होतं: 'जानेवारी १९७४ मध्ये एका रात्री तुम्ही दोघं एका बाळंतिणीला मध्ये घेऊन नाक्यापर्यंत चालत गेलात. आम्ही वरून बघत होतो.'