शिबंदी, सबनीस आणि बांबूची तलवार

गणपतीला मुंबईहून गावी आलेल्या माझ्या पुतण्याने या वर्षी एक मागणी केली. ‘काका, तलवारीचे चांगले जपानी सिनेमे सांगा. सामुराईंचे.’ दिग्पाल लांजेकरांचा ‘पावनखिंड’ त्याने दोनदा पाहिला आहे आणि आता त्याला तशाच लढाया हव्या होत्या. मी कागदावर तीन नावं लिहून दिली. पण ती त्याला हवी होती तशी नाहीत, हे लिहितानाच जाणवत होतं. ती का नाहीत, याचा शोध घेताना हा लेख झाला.

आमच्या अंजनवेलचा गोपाळगड दाभोळच्या खाडीच्या तोंडाशी उभा आहे. आदिलशाही, मराठे, सिद्दी, तुळाजी आंग्रे, पेशवे आणि १८१८ मध्ये इंग्रज, इतके धनी या किल्ल्याने पाहिले. धनी बदलला की आतल्या शिबंदीचं काय व्हायचं? ज्याचा हात फक्त तलवारीला सरावलेला, तो दुसऱ्या दिवशी काय खायचा? मराठी ऐतिहासिक चित्रपटाला आता शंभर वर्षं होऊन गेली. किल्ला घेतानाची रात्र त्यात पुन्हा पुन्हा येते, ही दुसऱ्या दिवसाची सकाळ मात्र मला त्यात दिसलेली नाही. जपान्यांचे सर्वांत चांगले सामुराईपट नेमके तिथून सुरू होतात. धनी नसलेल्या सामुराईला ते ‘रोनिन’ म्हणतात. शब्दाचा मूळ अर्थ लाटेवरचा माणूस. खाडीकाठच्या वाचकाला तो समजावून सांगायला नको.

हा फरक कलावंतांच्या कुवतीचा नाही, काळाचा आहे. १९३० मध्ये प्रभातने शिवरायांवर मूकपट केला. त्याचं ‘स्वराज्याचे तोरण’ हे नाव इंग्रजी सेन्सॉरला खपलं नाही, म्हणून तो ‘उदयकाल’ नावाने आला. त्यात शिवाजी झाले होते व्ही. शांताराम. ज्यांना राज्यच नाही त्यांना पडद्यावर राज्य मिळवणारा हवा होता, आणि ते रास्तच होतं. भालजी पेंढारकरांनी पुढे तेच काम निष्ठेने केलं. जपानमध्येही परकी सेन्सॉर आला, पण उलट्या वाटेने. १९४५ च्या पराभवानंतर अमेरिकी अंमलाने सरंजामी निष्ठा आणि सूड यांची थोरवी गाणाऱ्या तलवारपटांना चाप लावला. अकिरा कुरोसावांचा १९४५ चा एक छोटा ऐतिहासिक चित्रपट १९५२ पर्यंत अडकून पडला. त्याच १९५२ मध्ये आपल्याकडे भालजींचा ‘छत्रपति शिवाजी’ आला. दोन्ही देश एकाच सुमारास मोकळेपणाने तलवार उपसू लागले. आपण नायकाला मुजरा केला. ज्यांना नायकाच्याच नावाने युद्धात लोटलं गेलं होतं, त्या जपान्यांनी त्याची झडती घेतली.

पहिलं नाव ‘सेव्हन सामुराई’ (१९५४). साडेतीन तासांना थोडा कमी. ‘शोले’ची आजी म्हणून याची ओळख करून देतात, ती सोडून द्या. यात पाहायचा तो भात. दरोडेखोरांपासून गाव वाचवायला शेतकरी सामुराई ठेवतात, मोबदला म्हणजे पोटभर भात, आणि तो त्यांना घालून स्वतः हलकं धान्य खातात. भात पिकवून खंडाला घालायचा आणि घरात नाचणी खायची, हे माझ्या आजीच्या पिढीने केलेलं आहे. पण कुरोसावा शेतकऱ्यालाही गरीब बिचारा म्हणून सोडत नाहीत. याच गावात पळत्या सामुराईंना मारून लुटलेली चिलखतं निघतात. त्यावर तोशिरो मिफुनेचं पात्र जे बोलतं, तेवढ्यासाठी सिनेमा दोनदा पाहावा. आणखी एक हिशेब ठेवा. सातांपैकी जे मरतात, त्यांतला एकही तलवारीने मरत नाही. सगळे बंदुकीच्या गोळीने जातात.

दुसरं ‘हाराकिरी’ (१९६२), दिग्दर्शक मासाकी कोबायाशी. माझ्या मते सामुराईपटांत याच्या वर काही नाही. कोबायाशी स्वतः सक्तीने सैन्यात गेलेले, तिथे बढती नाकारून साधे शिपाई राहिलेले. काळ १६३० चा. एक उपाशी रोनिन इयी घराण्याच्या वाड्यावर येतो आणि म्हणतो, मला तुमच्या अंगणात सन्मानाने पोट फाडून घेऊ द्या. याआधी असाच एक तरुण आला होता. त्याच्या म्यानात बांबूची तलवार निघाली, कारण खरी विकून झाली होती. वाड्याने त्याला त्या बांबूनेच मरायला लावलं. पुढचं सांगत नाही.

पण एक गोष्ट सांगायलाच हवी. चित्रपट उघडतो तो घराण्याच्या रोजनिशीवर आणि संपतो तोही तिथेच. मधले दोन तास आपण जे पाहिलं, त्यातलं त्या पानावर काय उतरलं आणि काय गाळलं, हा खरा वार. ज्याने आपल्या बखरी वाचल्या आहेत, त्याला हे पान ओळखीचं वाटेल. बखर खोटी म्हणून टाकून द्यावी, असं मी म्हणत नाही. ती कोणाच्या ओसरीवर बसून लिहिली, हे विचारायची सवय राजवाड्यांनी लावली. ती सवय आपल्या कागदांत मुरली, पडद्यावर मात्र पोचली नाही.

अपवाद एकच, पण थोर. प्रभातचा ‘रामशास्त्री’ (१९४४). गजानन जागीरदारांनी तो दिग्दर्शित केला आणि रामशास्त्री उभे केले तेही त्यांनीच. नारायणरावांच्या खुनाचा दोष खुद्द राघोबादादांवर ठेवणारा न्यायाधीश, म्हणजे सत्तेला तिच्याच वाड्यात प्रश्न विचारणारा माणूस. ‘हाराकिरी’च्या आधी अठरा वर्षं हे पुण्यात झालेलं आहे. फरक इतकाच, की रामशास्त्र्यांपाशी न्यायासन होतं आणि जपानी रोनिनपाशी अंगणात अंथरलेली चटई. ‘रामशास्त्री’ची वाट पुढे आपल्याकडे रुंद झाली नाही, याचं मला वाईट वाटतं.

तिसरं नाव ‘द ट्वायलाइट सामुराई’ (२००२), दिग्दर्शक योजी यामादा. नायक कोठारातला कारकून. बायको क्षयाने गेलेली, दोन लहान मुली, आईला विस्मरण. वर्षाला पन्नास कोकू तनखा (एक कोकू म्हणजे अदमासे एका माणसाचा वर्षाचा तांदूळ), त्यातला बराचसा कर्जात जातो. घरी किड्यांचे पिंजरे विणून तो वरचे पैसे मिळवतो. संध्याकाळी सोबत्यांबरोबर प्यायला न थांबता थेट घरी जातो, म्हणून टोपणनाव ‘तिन्हीसांजेचा’. याच्याही म्यानात काय निघतं ते पाहाच.

शिवरायांच्या गडावर हवालदार, सबनीस आणि कारखानीस असे तीन अधिकारी असत, एकावर एकाचा वचक राहावा म्हणून. आमच्या चित्रपटांना हवालदार पुरतो. दाणागोटा मोजणारा कारखानीस आणि हजेरी लिहिणारा सबनीस यांच्या घरात रात्री काय बोललं जात होतं, यावर कोणी सिनेमा काढला तर मी गुहागरहून पहिल्या एस्टीने निघेन. ‘फर्जंद’मधल्या झटापटी मला आवडतात, नाकारत नाही. पण त्या मावळ्यांच्या अंगावरचं कापड नेहमी थोडं जास्तच नीट असतं.

पुतण्याने ‘हाराकिरी’ पडवीत लॅपटॉपवर लावला. पाऊण तासाने हाक आली, ‘काका, लढाई सुरू कधी होते?’ मी म्हटलं, सुरू झालेली आहे. मग बराच वेळ आवाज नाही. शेवटी पाहायला गेलो, तर सिनेमा संपलेला होता आणि तो पुन्हा सुरुवातीला जाऊन रोजनिशीचं ते पहिलं पान थांबवून बघत बसला होता.