नामशेषांची गोधडी

गोधडी ही मुळात अवशेषांची संहिता आहे. वऱ्हाडात गेलेल्या माणसाचे धोतर वा लुगडे गोधडीच्या थरांत जाते. ते वस्त्र त्या व्यक्तीची खूण असते, चित्र नव्हे. अमेरिकेत 1987 मध्ये सुरू झालेल्या एड्स-स्मृतीच्या गोधडीतही मृतांचे कपडे शिवलेले आढळतात. लुप्त प्राण्यांचा शोक टाक्यांतून करू पाहणाऱ्या भरतकामाचा पेच नेमका इथे आहे. ‘नामशेष’ म्हणजे केवळ नाव उरलेला. भारतातून 1952 मध्ये नामशेष घोषित झालेल्या चित्त्याचे वस्त्र कोठून आणणार? उरते ती भरलेली आकृती, आणि आकृती फार लवकर शोभेची होते. (विलापिकेलाही हा धोका चुकलेला नाही.)

रिद्धपूरचा दाखला येथे अधिक बोलका आहे. चक्रधरांच्या वियोगानंतर म्हाइंभटांनी तेथे 1278च्या सुमारास ‘लीळाचरित्र’ सिद्ध केले ते पाहणाऱ्या-ऐकणाऱ्यांना विचारून. कोणाची आठवण कशी निराळी, हेही पोथ्यांनी जपले. तेथील शोक वर्णनात नाही, साक्षीत आहे. प्राण्यांच्या गोधडीत हा साक्षीदार बहुधा गैरहजर असतो. मेळघाटातही आढळणारा रानपिंगळा 1884 नंतर शतकभर लुप्त मानला गेला आणि 1997 मध्ये शहाद्याजवळ पुन्हा दिसला. दरम्यान त्याच्यासाठी कोणी गोधडी शिवली असती, तर तिचा शोक कितपत खरा, हे केवळ टाक्यांच्या सौंदर्यावरून ठरवता आले नसते.