ला ताबाजी

ला ताबाजी : विख्यात फ्रेंच चित्रकार झां बातीस्त सीमेआँ शार्दँ (१६९९–१७७९) याचे धूम्रपानाच्या साहित्याचे स्थिरवस्तुचित्र. सु. १७३७ मध्ये तैलरंगात रंगविलेले हे लहानसे चित्र (सु. ३२ × ४० सेंमी.) पॅरिसच्या लूव्ह्र संग्रहालयात आहे. ‘ताबाजी’ हा शब्द त्या काळी धूम्रपानाचे साहित्य ठेवण्याच्या पेटीसाठीही वापरीत.

चित्रातील साहित्य मोजकेच आहे : दगडी कट्ट्यावर निळ्या अस्तराची, झाकण उघडे असलेली लाकडी पेटी, फुलांच्या नक्षीची पांढरी चिनी मातीची सुरई, चांदीचा पेला, काही किरकोळ भांडी आणि पेटीला तिरका टेकलेला लांब दांड्याचा मातीचा पाइप. पाइपच्या तोंडाशी विस्तव अजून धुमसतो आहे. पेटी व भांडी यांच्या उभ्या-आडव्या ठेवणीला दांड्याची ही एकच ठळक तिरकस रेषा छेदते आणि सगळी मांडणी तिच्यावर तोलली जाते. वस्तू सहज ठेवल्यासारख्या वाटतात. मांडणी मात्र मुळीच सहज नाही.

सतराव्या शतकातील डच चित्रकारांनी, विशेषतः हार्लेमच्या पीटर क्लासने, पाइप, तंबाखू व शेगडी यांची चित्रे काढली होती. त्या परंपरेत धूर हे जीविताच्या क्षणभंगुरतेचे प्रतीक मानले जाई. त्यामुळे शार्दँच्या चित्रातही तोच बोध शोधण्याचा मोह होतो. त्याची पहिली पत्नी १७३५ मध्ये निवर्तली, हे ठाऊक असल्यास तो अधिकच बळावतो. परंतु चित्र त्याला फारसा आधार देत नाही. येथे कवटी नाही, वाळूचे घड्याळ नाही, विझलेली मेणबत्तीही नाही. शिवाय पत्नीच्या पश्चात १७३७ मध्ये केलेल्या घरातील चीजवस्तूंच्या नोंदीत धूम्रपानाच्या साहित्याची अशी एक शिसवी पेटी आढळते. म्हणजे चित्रकाराने रंगविली ती बहुधा स्वतःच्या वापरातील वस्तू. तिचे त्याला आकर्षण होते, ते तिच्या रंगाचे व तिच्यावर पडणाऱ्या प्रकाशाचे.

चित्राचे खरे सामर्थ्य रंगसंगतीत आहे. पार्श्वभूमी करडी-तपकिरी असून तिच्यावर सुरईचा पांढरा रंग एकजिनसी नाही. शेजारच्या वस्तूंच्या छटा त्यात उतरल्या आहेत. पेटीच्या अस्तराचा निळा तर नेमका कोणता, हे सांगणे कठीण. आंरी मातीस याने उमेदवारीच्या काळात लूव्ह्रमध्ये या चित्राची प्रतिकृती करताना याच निळ्याशी दीर्घकाळ झुंज दिली.

फ्रेंच अकादमीच्या श्रेणीव्यवस्थेत स्थिरवस्तुचित्रणाचे स्थान सर्वांत खालचे होते. १७२८ मध्ये अकादमीने शार्दँला सदस्यत्व दिले, तेही प्राणी व फळे रंगविणारा म्हणून. ऐतिहासिक वा पौराणिक विषयांवरील त्या काळची अनेक भव्य चित्रे आज केवळ अभ्यासकांपुरती उरली आहेत. या वीतभर पेटीपुढे चित्रकार अजूनही थांबतात.